युझेबिलिटी टेस्ट घेताना तुम्ही गप्प कसे बसता?

रेघोट्या · सोमवार, रात्री 9:12

आमची तिघांची छोटी टीम आहे. ग्रंथालयाच्या सभासदांसाठी अ‍ॅप बनवतो. त्यात पुस्तक शोधता येतं, मुदत वाढवता येते आणि हवं ते पुस्तक दुसऱ्या कुणाकडे असेल तर आपल्यासाठी राखून ठेवता येतं. हे शेवटचं काम लोक अर्ध्यावर सोडत होते. लोक शेवटच्या स्क्रीनपर्यंत येतात आणि निघून जातात, आकड्यांतून एवढंच कळत होतं. का जातात यावर आमच्यात महिनाभर वाद चालला. मला वाटायचं बटणाचा रंग फिका आहे. दुसरा म्हणायचा सर्व्हर हळू आहे. तिसऱ्याचं मत, लोकांना ही सोयच नको आहे.

शेवटी वाद बाजूला ठेवला आणि युझेबिलिटी टेस्ट घ्यायची ठरवली, म्हणजे खऱ्या वापरणाऱ्यांना काम द्यायचं आणि ते कुठे अडतात ते मदत न करता बघायचं. पाच जणांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाला स्वतःचाच फोन आणायला सांगितलं होतं. हा निर्णय किती महत्त्वाचा होता ते पहिल्याच सत्रात कळलं.

साठीच्या आसपासच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी पुस्तक शोधलं, उघडलं, सभासद क्रमांकाच्या चौकटीवर बोट ठेवलं. कीबोर्ड वर आला. क्रमांक टाकला आणि थांबल्या. त्यांनी फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली होती, त्यामुळे आमचं पान लांबलं होतं आणि ‘राखून ठेवा’ हे बटण कीबोर्डच्या मागे गेलं होतं. आमच्या तिघांच्या फोनवर ते कायम दिसायचं, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईंनी टाकलेला क्रमांक एकेक आकड्याखाली बोट धरून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, ‘झालं बहुतेक.’ आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

मी शेजारी बसले होते. ‘कीबोर्ड खाली करा’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते बोलून गेले असते, तर बाईंचं काम झालं असतं आणि आम्ही पुढचा महिना बटणाचा रंग बदलत बसलो असतो. गिळले. पाचपैकी तिघं त्याच जागी अडले.

दुसरी गोष्ट शिकलो ती काम सांगण्याच्या भाषेबद्दल. खरी सत्रं सुरू व्हायच्या आधी ऑफिसमधल्याच, पण या प्रकल्पात नसलेल्या एकाबरोबर रंगीत तालीम घेतली होती. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘हे पुस्तक राखून ठेवा.’ तो स्क्रीनवर ‘राखून ठेवा’ हे शब्द शोधत सुटला आणि वीस सेकंदांत मोकळा झाला. आम्ही शब्दकोडं घातलं होतं, आणि उत्तर चिठ्ठीतच होतं. मग चिठ्ठी बदलली: ‘तुम्हाला हे पुस्तक वाचायचं आहे, पण सध्या ते दुसऱ्या सभासदाकडे आहे. ते परत आलं की तुम्हाला मिळेल असं करा.’ या चिठ्ठीवर दोघं जण आधी ‘मुदत वाढवा’मध्ये गेले. म्हणजे आमच्या मेनूतले शब्दही नीट वेगळे कळत नव्हते.

इथे बरेच जण हे काम वर्षानुवर्षं करतात, म्हणून विचारते. पाच माणसं पुरतात का? समोरचा अडला की गप्प कसं बसायचं, आणि किती वेळ? आणि ‘पाच लोकांवरून काय ठरतं’ असं म्हणणाऱ्या सहकाऱ्याला काय दाखवायचं?

गणिती · सोमवार, रात्री 10:05

पहिल्या प्रश्नावर थोडं विस्ताराने लिहितो, कारण ‘पाच’ हा आकडा फार सैलपणे वापरला जातो.

तो येतो जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर या युझेबिलिटीच्या अभ्यासकांच्या 1993 च्या मांडणीतून. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एका सहभागी माणसाकडून सरासरी 31 टक्के अडचणी उघड होत होत्या. म्हणजे एकामागे 69 टक्के लपून राहतात. 0.69 चा पाचवा घात साधारण 0.16 येतो, म्हणजे पाच जणांनंतर 84-85 टक्के अडचणी सापडलेल्या असतात. 2000 साली नील्सन यांनी यावर लेख लिहिला आणि आकडा सगळीकडे गेला. त्यातला 31 मात्र लोक विसरले.

तो 31 तुमच्या प्रॉडक्टला लागू असेलच असं नाही. एखादी अडचण दहातल्या एकालाच येत असेल, तर पाच जणांत ती एकदा तरी दिसण्याची शक्यता 41 टक्केच. पंधरा जण घेतले तरी 79. जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी 2001 मध्ये खरेदीच्या वेबसाइट तपासल्या, तेव्हा पहिल्या पाच जणांत फक्त 35 टक्के अडचणी सापडल्या होत्या. लॉरा फॉकनर यांनी 2003 मध्ये 60 जणांच्या चाचणीतून पाच-पाचचे गट यादृच्छिक पद्धतीने काढून पाहिले. काही गटांना 99 टक्के अडचणी सापडल्या, काहींना 55 च.

म्हणून पाच चूक आहेत असं मी म्हणणार नाही. पाच जणांनंतर दुरुस्ती करा आणि नव्या पाच जणांना बोलवा. नील्सन यांचा सल्लाही असाच होता, की पंधरा माणसं मिळत असतील तर एकदम पंधरा न घेता पाच-पाचच्या तीन फेऱ्या घ्या. बाईंना बटण दिसलं नाही म्हणून त्यापुढचं काहीच तुम्हाला दिसलेलं नाही. ते बटण वर आणल्याशिवाय सहावा माणूसही तिथेच अडेल.

अजून एक. सभासद आणि ग्रंथपाल दोघंही हे अ‍ॅप वापरत असतील, तर ते दोन वेगळे गट धरा. दोन्हींतले मिळून पाच घेऊ नका.

पाऊलवाट · सोमवार, रात्री 10:31

वाचतेय. बाईंनी फोन पालथा ठेवला ते वाचून पोटात कालवलं. असे किती जण पुस्तकाची वाट बघत बसले असतील.

माझा एक अगदी सुरुवातीचा प्रश्न. आमचं अजून काहीच तयार नाही, फक्त वहीत स्क्रीन काढल्या आहेत. त्यावर टेस्ट घेता येते का, की प्रोटोटाइप, म्हणजे चालवून बघता येईल असा कच्चा नमुना, होईपर्यंत थांबायचं?

जुना_टेस्टर · मंगळवार, सकाळी 7:48

पाऊलवाट, थांबू नका. प्रत्येक स्क्रीन वेगळ्या कागदावर काढा. टीममधला एक जण ‘कॉम्प्युटर’ होतो. समोरच्याने कागदावर जिथे बोट ठेवलं, त्यानुसार तो पुढचा कागद ठेवतो, आणि तोंडातून शब्द काढत नाही. जो कागद काढलेलाच नाही तिथे कुणी बोट ठेवलं, तर ती सगळ्यात मोलाची नोंद. त्या माणसाला तिथे काहीतरी असेल असं वाटलं होतं. शब्द कळतात का, क्रम बरोबर आहे का, हे कागदावर छान तपासता येतं. कीबोर्डने बटण झाकलं जाणं मात्र कागदावर कधीच दिसणार नाही. त्यासाठी खरा फोनच लागतो.

रेघोट्या, आता तुमचा गप्प बसण्याचा प्रश्न. माझ्या मते या सगळ्या कामातलं अवघड कौशल्य हेच आहे, बाकीचं दोन दिवसांत शिकता येतं.

सत्राच्या सुरुवातीला मी एक वाक्य न चुकता सांगतो: ‘आज परीक्षा अ‍ॅपची आहे, तुमची नाही. तुम्ही अडलात तर आमचं काहीतरी चुकलंय.’ नुसतं सांगून भागत नाही. माणसं तरीही स्वतःला दोष देतात. ‘माझंच लक्ष नव्हतं’ असं कुणी म्हटलं, की मी ती वेळ लिहून ठेवतो. त्या जागी हमखास काहीतरी बिघडलेलं असतं.

मग मोठ्याने विचार करण्याचा सराव. या पद्धतीवर क्लेटन लुईस यांनी आयबीएममध्ये 1982 मध्ये लिहिलं, आणि आजही ती तितकीच उपयोगी आहे. पण हातात फोन घेऊन बडबडत बसणं कुणाला सहज जमत नाही. म्हणून आधी अ‍ॅपशी संबंध नसलेलं काहीतरी देतो. ‘तुमच्या घरात किती खिडक्या आहेत ते मनात घरभर फिरून मोजा, आणि मोजताना जे दिसतं ते बोला.’ दोन मिनिटांत माणूस मोकळा होतो.

मधेच शांतता पसरली तर मी ‘आता काय बघताय?’ एवढंच विचारतो. ‘असं का केलंत?’ हे काम चालू असताना विचारत नाही. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी 1980 मध्येच हा फरक दाखवला होता. मनात चाललेलं बोलून दाखवायला सांगितलं तर विचारांची वाट फारशी बदलत नाही, कारण द्यायला सांगितलं की बदलते. माणूस कारण शोधायला लागतो, आणि मग जास्त जपून वागतो. ‘का’ शेवटासाठी राखून ठेवा.

कुणी विचारलं, ‘हे दाबू का?’ तर माझं उत्तर ठरलेलं असतं: ‘मी इथे नसतो तर तुम्ही काय केलं असतं?’ हे सौम्यपणे म्हणा, नाहीतर उलटतपासणी वाटते.

किती वेळ थांबायचं ते सत्राआधीच ठरवा. आमच्याकडे एका कामाला पाच मिनिटं, किंवा माणसाने ‘मी इथे सोडून दिलं असतं’ म्हणेपर्यंत. चेहऱ्यावर त्रास दिसला तर त्याआधीही थांबवतो. कुणाला रडकुंडीला आणून मिळालेली नोंद मला नको. मदत केली तर वहीत ‘मदतीने’ असं लिहायचं. ‘जमलं’ या रकान्यात ते टाकायचं नाही.

सरळरेषा · मंगळवार, सकाळी 11:20

थोडा वेगळा सूर लावतो. मी डेव्हलपर आहे. वापराचे आकडे आहेत, ए-बी टेस्ट आहे (दोन पर्याय वेगवेगळ्या लोकांना दाखवून कुठला चालतो ते बघणं), हजारो लोकांचं खरं वागणं समोर आहे. खोलीत बसवलेला माणूस कुणीतरी बघतंय म्हणून वेगळाच वागतो. मग पाच जणांच्या निरीक्षणाला एवढं वजन का द्यायचं?

रेघोट्या · मंगळवार, दुपारी 1:02

> मग पाच जणांच्या निरीक्षणाला एवढं वजन का द्यायचं?

सरळरेषा, आमच्याकडेही आकडे होतेच. लोक कुठे सोडून जातात हे त्यांनी अगदी बिनचूक दाखवलं होतं. पण बाईंच्या बाबतीत त्या आकड्यांत काय उमटलं असतं? क्रमांक भरला, काही सेकंद थांबल्या, अ‍ॅप बंद. यावरून मी म्हणाले असते रंग, तुम्ही म्हणाला असता सर्व्हर. बोट एकेका आकड्याखाली सरकताना पाहिलं, तेव्हा कळलं की त्या आपली चूक शोधत होत्या. ए-बी टेस्टमध्येही आम्ही दोन रंग लावून पाहिले असते आणि कीबोर्डच्या मागे दोन्ही रंग सारखेच लपले असते.

माणूस बघणाऱ्यासमोर वेगळा वागतो, हे मान्य. बहुतेक जण जास्त चिकाटी दाखवतात, जास्त काळजीपूर्वक वाचतात. म्हणजे तिथे अडलेला माणूस घरी तर नक्कीच अडेल. उलट, टेस्टमध्ये ज्याला जमलं त्याला घाईत जमेलच अशी खात्री मी देणार नाही.

दुसरी_बाजू · मंगळवार, दुपारी 3:40

मीही डेव्हलपर, आणि सरळरेषा म्हणतात तसंच मीही म्हणायचो. माझं मत कुठल्या अहवालाने बदललं नाही. एकदा शेजारच्या खोलीत बसून थेट सत्र पाहिलं, तेव्हा बदललं. मी लिहिलेल्या फॉर्मवर एक माणूस तारीख टाकत होता. चार वेळा टाकली. चारही वेळा लाल अक्षरांत एकच वाक्य: ‘तारीख अवैध आहे.’ मधे तिरपी रेघ न देता आडवी दिली होती, बस्स. पाचव्या वेळी त्याने हळूच विचारलं, ‘आज तारीख काय आहे?’ त्याला स्वतःच्याच तारखेची शंका यायला लागली होती. मी त्याच संध्याकाळी ते बदललं. दोन्ही रेघा चालतात आता, आणि चूक असेल तर कशी हवी ते उदाहरणासह दिसतं.

तेव्हा रेघोट्या, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सहकाऱ्याला अहवाल देऊ नका, खुर्ची द्या. पण सहभागी माणसाजवळ एकच जण बसू दे, बाकीचे दुसऱ्या खोलीत. चार जण मागे उभे राहिले की कुणाचेही हात थरथरतात. युझेबिलिटीवर पुस्तकं लिहिणारे स्टीव्ह क्रूग यांची साधी पद्धत आम्ही पाळतो: महिन्यातून एक सकाळ, तीन माणसं. प्रत्येक सत्रानंतर बघणारा प्रत्येक जण आपल्याला दिसलेल्या तीन मोठ्या अडचणी लिहितो, आणि दुपारी एकत्र बसून काय दुरुस्त करायचं ते ठरतं.

एकापेक्षा जास्त डोळे हवेतच. रॉल्फ मोलिक यांनी 1998 मध्ये नऊ टीमना हॉटमेल ही ईमेल सेवा स्वतंत्रपणे तपासायला दिली होती. मिळून 310 अडचणी निघाल्या, आणि त्यातल्या 75 टक्के फक्त एकेका टीमलाच दिसल्या होत्या. एकच सत्र दोघांनी पाहिलं तरी वह्या वेगळ्या निघतात, हा माझाही अनुभव आहे.

सरळरेषा · मंगळवार, दुपारी 4:15

‘आज तारीख काय आहे’ हे वाचून थांबलो. माझ्याही एका फॉर्ममध्ये तसंच वाक्य आहे. पुढच्या वेळी खुर्ची मागून घेतो.

उंबरठा · मंगळवार, संध्याकाळी 6:55

मला दिसत नाही, फोन स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, वापरतो. अशा टेस्टना बऱ्याचदा सहभागी म्हणून जातो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

मोठ्याने विचार करा असं मला सांगितलं जातं, तेव्हा दोन आवाज एकमेकांवर आदळतात. फोन बोलतोय, मीही बोलतोय, आणि पुढची ओळ हुकते. मग मी तीन वेळा मागे जातो आणि वहीत लिहिलं जातं की मी गोंधळलो. माझ्यासारख्याला काम शांतपणे करू द्या, आणि झाल्यावर टप्प्याटप्प्याने विचारा. रेकॉर्डिंग करणार असाल तर फोनचा आवाजही त्यात येऊ दे. माझ्यासाठी तीच स्क्रीन आहे.

स्क्रीन रीडरचा वेग कमी करायला सांगू नका. तुम्हाला समजत नसेल तर रेकॉर्डिंग नंतर हळू लावून ऐका. माझा वेग बदलला की माझं वागणंही बदलतं.

आणि मला बोलवायच्या आधी स्वतः दहा मिनिटं टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोनचा) लावून अ‍ॅपमधून फिरा. चित्राच्या बटणाला नाव दिलेलं नसेल तर मला नुसतं ‘बटण’ ऐकू येतं. बटण, बटण, बटण. असं सापडायला टेस्ट कशाला हवी? ते आधी दुरुस्त करा, म्हणजे माझा तास खऱ्या अवघड जागांवर जाईल. बोटाला कंप असणाऱ्यांसाठी बटणाचा आकारही आधीच मोजून घेता येतो. डब्ल्यूसीएजी ही वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं. त्यांची 2.2, म्हणजे ऑक्टोबर 2023 ची आवृत्ती, एए या मधल्या पातळीवर काही अपवाद सोडून किमान 24 गुणिले 24 सीएसएस पिक्सेल मागते.

पाऊलवाट · मंगळवार, रात्री 8:20

उंबरठा, खूप आभार. यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं.

जाता जाता एक विचारते, शेवटी ती दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यावी का?

गणिती · मंगळवार, रात्री 8:47

एसयूएस म्हणताय, म्हणजे सिस्टिम युझेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी प्रश्नावली. जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये तयार केली. दहा विधानं, प्रत्येकाला 1 ते 5. विषम क्रमांकांच्या उत्तरातून 1 वजा करायचा, सम क्रमांकांचं उत्तर 5 मधून वजा करायचं, सगळ्यांची बेरीज गुणिले 2.5. गुण 0 ते 100 मध्ये येतात, पण ते टक्के नव्हेत. 68 च्या आसपास सरासरी धरली जाते. पाच जणांची सरासरी खूप हलते, त्यामुळे त्यावरून दोन डिझाइनची तुलना करू नका. आणि भरून घ्यायचीच तर कामं संपल्यावर, चर्चा सुरू करायच्या आधी. तुमच्याशी गप्पा मारल्यावर माणूस तुम्हाला गुण देतो, अ‍ॅपला नाही.

रेघोट्या · पुढचा सोमवार, रात्री 9:30

दुसरी फेरी झाली, म्हणून धागा वर आणते.

आठवड्याभरात दोनच गोष्टी बदलल्या. सभासद एकदा लॉगिन झाला की क्रमांक पुन्हा मागायचाच नाही, त्यामुळे त्या पानावर कीबोर्ड येतच नाही. ही कल्पना दुसऱ्या सहकाऱ्याची, ज्याला सर्व्हरवर संशय होता. मी नुसतं बटण वर सरकवणार होते. त्याने विचारलं, ‘पण आपण क्रमांक मागतोच कशाला?’ आणि मेनूतलं ‘मुदत वाढवा’ आता फक्त स्वतःकडे असलेल्या पुस्तकांवर दिसतं.

नवे पाच जण, सगळ्यांचे स्वतःचे फोन. अँड्रॉइडवाल्यांना विचारून डेव्हलपर ऑप्शन्समधलं स्पर्श दाखवणारं सेटिंग चालू केलं, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये बोट कुठे पडलं ते ठिपक्यासारखं दिसतं. सत्र संपल्यावर आठवणीने बंद करून दिलं.

पाचही जण शेवटपर्यंत पोहोचले. आणि तिथे नवीन अडचण निघाली, जी पहिल्या फेरीत दिसणं शक्यच नव्हतं. बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद काहीच हलत नाही. एकाने पुन्हा दाबलं. दुसरीने तीनदा. रेकॉर्डिंगमध्ये तिचे तीन ठिपके एकाच जागी पडलेले दिसतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त वेळ टेकलेला. तिच्या नावावर एकच पुस्तक तीनदा राखून ठेवलं गेलं. सहकाऱ्याचा सर्व्हरवरचा संशयही अगदीच खोटा नव्हता, फक्त तो एक पान पुढे होता.

यावेळी तो स्वतः शेजारच्या खोलीत बसला होता. तिसरा ठिपका पडला तेव्हा त्याचा ‘अरे दाबलं गेलंय, थांबा!’ हा आवाज भिंतीपलीकडून मला ऐकू आला. तिला ऐकू गेला नाही, हे बरं झालं. आज दुपारपर्यंत त्याने दाबल्याबरोबर बटण बंद होऊन ‘नोंदवत आहे’ असं दिसेल एवढं केलंय. एकाच पुस्तकाच्या दुहेरी नोंदी सर्व्हरवर रोखायचं काम बाकी आहे.

जुना_टेस्टर, खिडक्या मोजायचा सराव अफाट उपयोगी पडला. एक आजोबा खिडक्या मोजता मोजता माडीवर गेले आणि तिथून थेट अ‍ॅपवर बोलायला लागले, मला काही सांगावंच लागलं नाही.

तिसरी फेरी पुढच्या बुधवारी, त्यात दोघं स्क्रीन रीडर वापरणारे आहेत. काल रात्री टॉकबॅक लावून स्वतः फिरले. चार ठिकाणी नुसतं ‘बटण’ ऐकू आलं, त्यातलं एक ‘राखून ठेवा’च्या अगदी शेजारचं. ती आजच दुरुस्त झाली. उंबरठा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, त्यात कामांच्या चिठ्ठ्या आहेत. ‘ते परत आलं की तुम्हाला मिळेल असं करा’ हे कानाला स्पष्ट लागतं का, तेवढं बघाल?

उंबरठा · पुढचा सोमवार, रात्री 10:10

ऐकलं. वाक्य ठीक आहे. चिठ्ठी कागदावर देणार नाही ना? ती आधी फोनवर मेसेजने पाठवा, म्हणजे काम चालू असताना पुन्हा ऐकता येईल. आणि तिसऱ्या चिठ्ठीत ‘वरच्या कोपऱ्यातलं’ असा शब्द राहिलाय, तो काढा.